ड्यूई बाल्फा आणि त्याचें फिडल

लाँगफेलोचें ‘एव्हँजेलिन’ हें दीर्घकाव्य ज्यांनीं कॉलेजांत असतांना वाचलें आहे, त्यांस लुईझियानाचें नांव अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. १७५५ सालीं इंग्रज सत्तेनें नोव्हास्कोशियांतील फ्रेंच भाषा बोलणाऱ्या अकेडियन शेतकऱ्यांना घरादारांतून उठवून जहाजांवर घातलें. त्या ताटातुटींत सांपडलेल्या एका युवतीची प्रियकराच्या शोधांत झालेली जन्मभराची वणवण हा त्या काव्याचा विषय. काव्य १८४७ सालीं प्रसिद्ध झालें. कवीनें लुईझियाना कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. तेथील नद्यांचीं, दलदलींचीं आणि शेवाळ लोंबणाऱ्या वृक्षांचीं वर्णनें त्यानें पुस्तकांच्या व चित्रांच्या आधारें रंगविलीं. मीं तें काव्य विद्यार्थी म्हणून वाचलें, पुढें शिक्षक म्हणून शिकविलें, आणि हेक्झॅमीटर हें वृत्त इंग्रजी भाषेला मानवतें कीं नाहीं या वादांत विद्यार्थ्यांचे कित्येक तास खर्चीं घातले. परंतु ज्या लोकांची ती कथा, त्यांचे वंशज लुईझियानांत आजही नांदत आहेत, ते स्वतःला ‘केजन’ म्हणवितात (‘अकेडियन’ या शब्दाचाच हा अपभ्रंश), आणि त्यांचें स्वतःचें असें एक संगीत आहे, ही गोष्ट चाळिशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानींमनीं नव्हती. काव्य डोळ्यांसमोर असतांना त्याच्या मागचीं माणसें दिसेनाशीं व्हावींत, हा आम्हां साहित्याच्या शिक्षकांचा नेहमींचा अपराध आहे.

लुईझियानांतील एका परगण्याला १९१० सालीं याच काव्यावरून ‘एव्हँजेलिन’ असें नांव मिळालें. त्या परगण्यांत ममू नांवाच्या गांवाजवळ २० मार्च १९२७ रोजीं ड्यूई बाल्फा जन्मास आला, आणि १७ जून १९९२ रोजीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, त्याच मुलखांत वारला. त्याला जाऊन तीस वर्षांवर काळ लोटला आहे. मीं त्याला समोर बसून कधीं ऐकलें नाहीं. ध्वनिमुद्रिकांतून आणि लेस ब्लँक या चित्रपटकारानें केजन लोकांवर काढलेल्या पटांतून जेवढा कानीं आला तेवढाच. तेव्हां हें स्मरण एका दूरच्या श्रोत्याचें आहे. मात्र दूरच्या श्रोत्याला एक सोय असते. त्याला कोणाची भीड पडत नाहीं.

भीड मोडून प्रथमच सांगावयाचें तें हें कीं, ड्यूई बाल्फाविषयीं जें गौरवपर लेखन आढळतें त्यांतील बरेंचसें वाचून मला समाधान वाटत नाहीं. त्यांत त्याला संस्कृतीचा राजदूत म्हटलेलें असतें, परंपरेचा तारणहार म्हटलेलें असतें; त्याला मिळालेले सन्मान सांगितलेले असतात. हें सर्व खरें आहे, आणि त्याचा उल्लेख मलाही पुढें करावा लागणार आहे. पण तो फिडल कसें वाजवीत असे, हें त्यांत क्वचितच असतें. एकाद्या संताच्या चरित्रांत त्याचे चमत्कार सगळे यावेत आणि अभंग एकही नसावा, असा कांहींसा हा प्रकार होतो. लोककलावंताची स्तुति करतांना आपण सुशिक्षित लोक त्याच्या कलेला बगल देऊन त्याच्या ‘कार्या’ची स्तुति करतों, कारण कार्य समजणें सोपें असतें, आणि कला समजण्यासाठीं थोडा वेळ खालीं बसावें लागतें.

बाल्फाचें घराणें गरीब. बाप चार्ल्स हा दुसऱ्याची जमीन अर्धेलीनें कसणारा. तोही फिडल वाजवी. मुलांपैकीं विल हा वडील भाऊ, ड्यूईहून दहाएक वर्षांनीं मोठा. रॉडनी हा धाकटा. ज्या काळांत हीं मुलें वाढलीं त्या काळीं केजन खेड्यांतला नाच घरांतच होत असे. खोलींतलें सामान बाहेर काढावयाचें, भिंतीकडेला वादकांना बसावयास जागा करावयाची, आणि शेजारचीं पाजारचीं माणसें जमलीं कीं रात्र उजळवावयाची. लेंकुरवाळ्या बायका पोरांना आंतल्या खोलींत नेऊन निजवीत. त्यावरून अशा नाचाला ‘फे दो-दो’, म्हणजे ‘गाई गाई कर’, असें नांव पडलें, असें सांगतात. ध्वनिवर्धक वगैरे कांहीं नसे. दीडदोनशें पावलांच्या आवाजावर मात करून सूर पोंचवावयाचा, तर गाणाऱ्याला टिपेला जाऊन अक्षरशः आरोळी द्यावी लागे, आणि फिडलवाल्याला एकाच वेळीं दोन दोन तारांवर गज दाबून चालवावा लागे. केजन गायकाचा तो उंच, चिरका, कानाला प्रथम खुपणारा आवाज पुष्कळांना रानटी वाटतो. तो ज्या खोलींत जन्मला ती खोली डोळ्यांपुढें आणली म्हणजे त्याचें रानटीपण जातें.

ड्यूईनें पोटासाठीं पुष्कळ धंदे केले. शेती केली, विम्याचें काम केलें, शाळेची बस चालविली, बझील या गांवीं लांकडी सामानाचें दुकान घातलें. वाजविणें हें आठवड्याच्या अखेरचें. यांत त्याला कांहीं कमीपणा वाटला असेल असें मला वाटत नाहीं, आणि त्याच्या चरित्रकारांनीं त्याबद्दल हळहळण्याचेंही कारण नाहीं. ज्या संगीताचा जन्मच कष्टकऱ्यांच्या शनिवारासाठीं झाला, तें वाजविणारा मनुष्य सोमवारीं सकाळीं बस हांकतो यांत विसंगति ती कोणती?

कमीपणा होता तो दुसऱ्याच एका गोष्टींत. लुईझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनें शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच झालें पाहिजे असा दंडक घातला. शाळेच्या आवारांत फ्रेंच शब्द तोंडांतून गेला कीं मुलाला शिक्षा होई. ‘मी फ्रेंच बोलणार नाहीं’ हें वाक्य त्याला पुनःपुन्हा लिहून काढावें लागे. अशा शाळेंतून गेलेल्या एका सबंध पिढीनें आपल्या मुलांशीं घरांतही इंग्रजी बोलण्यास सुरुवात केली. आईची भाषा ही लपविण्याची वस्तु झाली, आणि त्या भाषेंतलीं गाणीं ही अडाण्यांची करमणूक ठरली. आपल्याला ही मनःस्थिति समजावून सांगावी लागत नाहीं.

अशा वेळीं १९६४ सालीं ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथें भरणाऱ्या लोकसंगीत महोत्सवाचें आमंत्रण आलें. राल्फ रिन्झलर हा संशोधक वादकांच्या शोधांत लुईझियानांत हिंडला होता. ग्लेडियस थिबोडो अकॉर्डियनवर, लुई लेजून फिडलवर, असें ठरलें. गिटारवाला मात्र ऐन वेळीं कमी पडला, म्हणून त्याच्या जागीं ड्यूई गेला. म्हणजे ज्या एका प्रसंगानें त्याचें आयुष्य पालटलें त्या प्रसंगीं त्याच्या हातांत फिडल नव्हतेंच! निघण्यापूर्वीं ओपेलूसा गांवच्या वर्तमानपत्रानें, हीं माणसें तेथें जाऊन आपलें हंसें करून घेणार, अशा आशयाची टवाळी केली होती. ड्यूई पुढें सांगत असे कीं, एका ठिकाणीं २०० हून अधिक श्रोते त्यानें तोंवर कधीं पाहिले नव्हते. तेथें १७,००० होते, आणि ते त्यांना व्यासपीठावरून खालीं उतरूं देईनात.

पुष्कळ कलावंतांच्या आयुष्यांत असा दिवस येतो. बहुतेक जण मग त्या टाळ्यांच्या मागें जातात, आणि ज्या गांवानें ओळखलें नाहीं त्या गांवाकडे फिरून पाहत नाहींत. ड्यूई घरीं परतला, आणि त्या टाळ्यांचा प्रतिध्वनि आपल्या माणसांच्या कानीं घालण्याचा त्यानें ध्यासच घेतला. १९६७ सालीं तो आपल्या भावांसह पुन्हा न्यूपोर्टला गेला. व्हिल पलाट येथील फ्लॉइड स्वालो हा ध्वनिमुद्रिका काढणारा व्यापारी प्रथम नाखूष होता. असलें जुनाट संगीत विकत कोण घेणार, हा त्याचा प्रश्न व्यापाऱ्याचा म्हणून चुकीचा नव्हता. ड्यूईनें त्याचा पिच्छा सोडला नाहीं. अखेर बाल्फा बंधूंची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ती विकलीही गेली. पुढें २६ मार्च १९७४ रोजीं लाफायेट शहरांत केजन संगीताच्या गौरवार्थ जो मोठा जलसा झाला त्याच्या मागेंही ड्यूईचा आग्रह होता. सुमारें १२,००० लोक जमले. या जलशांतील एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते: लोकांनीं नाचूं नये, खुर्च्यांवर बसून ऐकावें, अशी त्याची योजना मुद्दाम केलेली होती. ज्या संगीतावर लोक पिढ्यानपिढ्या पाय हालवीत आले, तें एक रात्र तरी त्यांनीं कानानें ऐकावें, ही त्यामागील कल्पना.

ही कल्पना धूर्त होती, यशस्वीही झाली. पण ती निर्धास्तपणें स्वीकारावी अशी नाहीं. नाचासाठीं जन्मलेल्या संगीताला नाचापासून सोडविलें कीं त्याचा मान वाढतो आणि आयुष्य धोक्यांत येतें. खुर्चीवर बसलेल्या श्रोत्यासमोर वादकाला कांहीं तरी करून दाखवावें असें वाटूं लागतें. द्रुत वाजवावें, तारेवर कसरत करावी, शेवटीं टाळी घ्यावी. आमच्याकडील लावणीचें व पोवाड्याचें रंगमंचावर काय झालें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. ड्यूई बाल्फाची खरी परीक्षा येथें आहे, आणि येथेंच त्याच्या वादनाकडे वळलें पाहिजे.

त्याच्या वादनांत थक्क करणारें फारसें कांहीं नाहीं. डावा हात बहुधा पहिल्याच स्थानावर राहतो. उंच सप्तकांत चढाई नाहीं, तानांची आतषबाजी नाहीं. केजन फिडलच्या तारा पुष्कळदां नेहमींपेक्षां एक सूर खालीं उतरविलेल्या असतात. ‘सी’ स्वराच्या अकॉर्डियनशीं जमवून घेण्यासाठीं ही युक्ति. तारा सैल झाल्यामुळें आवाजांत एक प्रकारचा काळसरपणा, थोडी घोगरी माया येते. ड्यूई गज लांब ओढीत नाहीं. मनगटाच्या लहानशा झोक्यांनीं तो एका तारेवर चाल आणि शेजारच्या तारेवर अखंड सूर असें चालवितो, आणि त्या अखंड सुराला अधून मधून जो हिसका बसतो त्यांतच नाचणाऱ्याच्या पावलाचा ठेका असतो. वाल्ट्झच्या तीन मात्रांपैकीं पहिली तो दाबून घेत नाहीं. तिच्यावर किंचित् उशिरां येतो, जणूं काय जोडीदारीण वळून येईपर्यंत थांबतो. समेवर येण्याची गंमत ज्याला कळते त्या आपल्या श्रोत्याला हा विलंब ओळखीचा वाटेल. व्यासपीठावरही त्यानें ही चाल बदलली नाहीं. समोर न्यूपोर्टचे हजारों लोक असोत, त्याचा गज मात्र त्या खोलींतल्या पावलांसाठींच चालत राहिला.

परंतु ड्यूई एकटा ऐकून कळत नाहीं. त्याच्या शेजारीं विल असला पाहिजे. केजन संगीतांत अकॉर्डियन येण्यापूर्वीं दोन फिडलें एकत्र वाजविण्याची जुनी रीत होती. एकानें चाल धरावयाची, दुसऱ्यानें खालच्या सप्तकांत तीच चाल किंवा तिचा आधार द्यावयाचा. डेनिस मॅगी आणि सेडी कूर्व्हिल यांनीं १९२९ सालीं ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या त्यांत ही रीत तिच्या जुन्या कडक रूपांत ऐकावयास मिळते. बाल्फा बंधूंच्या हातीं ती मऊ झाली. वडील भाऊ खालीं, धाकटा वर. विल हा खालचा सूर इतक्या मुकाट्यानें देतो कीं, प्रथम ऐकतांना तो आहे हेंच कळत नाहीं. फक्त ड्यूईचें फिडल एवढें भरदार कसें वाटतें याचें आश्चर्य वाटतें. कधीं विल चाल सोडून नुसते दोन तारांचे आघात देतो, कधीं ड्यूईच्या वाक्याची अखेर आपण पुरी करतो. दोघांत कोठेंही चढाओढ नाहीं. आपल्या संगीतांत साथ म्हणजे बहुधा मुख्य गायकाच्या मागून जाणें. येथें साथ ही पाया घालते, आणि वरचा माणूस तिच्यावर विश्वासून उभा राहतो. बाल्फा बंधूंच्या कलेचें मर्म माझ्या मतें या विश्वासांत आहे, आणि ड्यूईचें पुढील सर्व ‘कार्य’ याच सवयीचा विस्तार होता.

अकॉर्डियनचा उल्लेख आला म्हणून थोडें विषयांतर करतों. हें वाद्य जर्मनीचें. गेल्याच्या मागील शतकाच्या उत्तरार्धांत तें लुईझियानांत आलें. केजन लोक वापरतात तें अकॉर्डियन दहा गुंड्यांचें व एका ओळीचें. भाता दाबला कीं एक स्वर, ओढला कीं दुसरा. आवाज दणदणीत, नाचाला सोयीचा; पण स्वर मोजके. जुन्या फिडलच्या ज्या चाली त्याच्या स्वरांत बसेनात त्या हळूहळू मागें पडल्या. हें ऐकून मराठी वाचकाला पेटी आणि सारंगी यांचा वाद आठवल्याशिवाय राहणार नाहीं. तीच धातूची पाती, तोच भाता, आणि तोच आरोप, कीं हें वाद्य श्रुति मारतें. आपल्याकडे या वादाची मजल आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घालण्यापर्यंत गेली, आणि ती बंदी उठावयास १९७१ साल उजाडलें. मधल्या काळांत सारंगी वांचली असें म्हणावें, तर तेंही घडलें नाहीं. ड्यूईनें अकॉर्डियनशीं कधीं वैर धरलें नाहीं. तें वाजूं लागलें कीं तो आपल्या फिडलचा आवाज आवरून घेई, आणि अकॉर्डियनला जे स्वर येत नाहींत नेमके तेच हलक्या हातानें मध्यें भरी. नेथन ॲबशायर या थोर अकॉर्डियनवादकाबरोबरच्या त्याच्या मुद्रिकांत हें विशेष स्पष्ट दिसतें. वाद्यांची भांडणें सोडविण्याचा हा मार्ग बंदीहून अधिक शहाणपणाचा दिसतो.

आणखी एक गोष्ट न सांगतां पुढें जाणें अन्यायाचें होईल. ज्याला आपण केजन संगीत म्हणतों त्यांत काळ्या क्रिओल लोकांचा वांटा फार मोठा आहे. आमेदे आर्दवां हा कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादक व गायक १९२९ पासून डेनिस मॅगीबरोबर मुद्रिका देत होता. पुढच्या पिढीच्या गोऱ्या वादकांनीं त्याच्या कित्येक चाली उचलल्या. तो १९४२ सालीं एका सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत मेला. त्याच्या वांट्याला न्यूपोर्ट आलें नाहीं.

बाल्फा बंधूंच्या गाण्यांपैकीं मला सर्वांत प्रिय असलेलें गाणें मार्दी ग्राचें आहे. मार्दी ग्रा म्हणजे उपासाच्या पर्वापूर्वींचा मंगळवार; फेब्रुवारी किंवा मार्चमध्यें येतो. त्या दिवशीं सोंगें घेतलेले घोडेस्वार गाणें म्हणत घरोघर जातात आणि सामुदायिक जेवणासाठीं कोंबडी, तांदूळ, काय मिळेल तें मागतात. कोंकणांतल्या शिमग्याची पोस्त मागणारीं पोरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. पण चाल ऐकावी तर ती उत्सवाची नव्हेच! कोमल गांधाराची, कोठून तरी फार लांबून आल्यासारखी, थंडींत कुडकुडणाऱ्या माणसाची चाल आहे. ड्यूई व विल ती वाजवितात तेव्हां हंसऱ्या मुखवट्याखालचा थकलेला चेहरा दिसूं लागतो. त्यांनीं मुद्दाम करुण कांहींच केलेलें नाहीं. लय घोड्याच्या चालीची, न थांबणारी, न रेंगाळणारी. दुःख सांगण्यासाठीं लय मंद करावी लागते ही आपली समजूत या एका गाण्यानें खोटी पडते.

१९७९ च्या फेब्रुवारींत एका मोटार अपघातांत विल आणि रॉडनी दोघेही ठार झाले. पुढच्याच वर्षीं ड्यूईची पत्नी वारली. यानंतरच्या बारा वर्षांतला ड्यूई हा अधिक प्रसिद्ध ड्यूई आहे. १९८२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीनें लोककलावंतांसाठीं जी मानवृत्ति नव्यानें सुरू केली तिच्या पहिल्याच वर्षाच्या मानकऱ्यांत तो होता. पुतण्याला व मित्रांना घेऊन तो देशोदेशीं वाजवीत हिंडला, शाळाशाळांतून गेला. या काळच्या मुद्रिका वाईट आहेत असें मी म्हणणार नाहीं. साथीदार चांगले आहेत, ध्वनिलेखनही अधिक स्वच्छ आहे. पण ऐकतांना सारखें वाटत राहतें कीं, खालचा मजला काढून घेतलेल्या घरांत हा मनुष्य राहत आहे. चाल तीच, विलंब तोच. फक्त ज्याच्यासाठीं तो थांबे तो येत नाहीं. कांहीं ठिकाणीं तो स्वतःच खालची तार अधिक जोरानें ओढून ती उणीव भरूं पाहतो. प्रशंसकांना या काळांतील त्याचीं भाषणें आठवतात. मला ती खालची तार आठवते.

शाळांमधील त्याच्या कामाविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. ज्या शाळांनीं फ्रेंच भाषा मुलांच्या तोंडांतून उपटून काढली त्याच शाळांत हा मनुष्य फिडल घेऊन गेला आणि मुलांपुढें फ्रेंच गाणीं म्हणूं लागला. आमची संस्कृति इतरांहून श्रेष्ठ नाहीं, पण ती कनिष्ठ आहे हेंही मी मान्य करणार नाहीं, आणि तुमची जी असेल तिच्याविषयीं तुम्हांलाही असेंच वाटावें, अशा अर्थाचें तो बोलत असे. या बोलण्यांत आक्रस्ताळेपणा नाहीं, लाचारीही नाहीं. शिकवितांना तो समोरासमोर बसून वाजवी व शिकणाऱ्यास बरोबर वाजविण्यास लावी. म्हणजे विलची जागा स्वतः घेऊन शिष्याला वरच्या जागेवर बसवी. पुढें नांवारूपास आलेले मायकेल डूसे, स्टीव्ह रायली यांच्यासारखे वादक त्याच्या हाताखालून गेलेले आहेत. तो गेला त्या वर्षींच त्याची कन्या क्रिस्टीन हिनें ‘बाल्फा तूझूर’, म्हणजे ‘बाल्फा सदैव’, या नांवाचा वाद्यवृंद काढला.

येथवर सर्व गोड आहे. पण एक प्रश्न मला टाळतां येत नाहीं. आज केजन गाणीं गाणाऱ्या तरुणांपैकीं कितीतरी जण ती भाषा बोलत नाहींत. ते शब्द पाठ करतात, अर्थ विचारून घेतात, आणि उच्चार बिनचूक करतात. फिडल जगलें आहे, अकॉर्डियन जगलें आहे, नाचही पुन्हा सुरू झाले आहेत. आजीची भाषा मात्र गाण्यापुरती उरत चालली आहे. अशा स्थितींत ड्यूई बाल्फा यशस्वी झाला असें म्हणावें काय? त्याच्या भक्तांना हा प्रश्न कृतघ्नपणाचा वाटेल. मला वाटतें, एका वादकाच्या खांद्यावर सबंध भाषेचें ओझें ठेवून मग तो वांकला म्हणून त्याला दोष देणें, किंवा तो वांकला नाहीं असें खोटेंच सांगणें, या दोहोंतही आपण स्वतःची सुटका करून घेत असतों. भाषा घरांत बोलली तर राहते. तें काम आईबापांचें होतें, शाळेचें होतें, सरकारचें होतें. त्याचें काम फिडल वाजविण्याचें होतें, आणि तें त्यानें केलें.

हें लिहीत असतां मला माझ्या घरांतील एका लग्नाची आठवण येते. मी त्या वेळीं बी. ए. च्या वर्गांत होतों. कुळाचारासाठीं गोंधळी बोलावले होते. रात्रभर संबळ आणि तुणतुणें वाजत होतें. मी शेजारच्या खोलींत दार लोटून घेऊन इंग्रजी कवितांचा संग्रह वाचीत बसलों, आणि मधून मधून कपाळाला आठ्या घालीत होतों. पुढें वीस वर्षांनीं एका चर्चासत्रांत ‘गोंधळ: महाराष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा’ या विषयावर मीं व्याख्यान दिलें, तें बरें वठलें असेंही लोक म्हणाले. व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध गृहस्थानें मला सहज विचारलें, “तुमच्याकडे कोण येत असत गोंधळी? संबळ कसा वाजवीत?” मला नांव आठवेना. वाजविणें तर मीं ऐकलेंच नव्हतें. तो संबळवादक त्या वेळींच म्हातारा होता; आतां तो नाहीं, आणि त्याच्या मुलांपैकीं कोणी तो धंदा पुढें चालविला नाहीं असें गांवाकडून कळतें. ठेवा म्हणून मीं ज्याचें कौतुक केलें, त्यांतला एक ठोकाही माझ्या कानांत नाहीं.

म्हणून ड्यूई बाल्फाविषयीं कोणी मला विचारलें तर मी त्याचे सन्मान सांगत नाहीं. बाल्फा बंधूंची १९६० नंतरच्या दशकांतील ती पहिली ध्वनिमुद्रिका मिळवावी असें सांगतों. हल्लीं ती मिळविणें कठीण नाहीं. रात्रीं घरांतील कामें आटोपल्यावर, दिवे मालवून, तिच्यांतील एकादी वाल्ट्झची चाल लावावी. पहिल्यानें रॉडनीचा आवाज कानाला टोंचेल, टोंचूं द्यावा. दुसऱ्या खेपेस ड्यूईचें फिडल ऐकावें, तें पहिल्या मात्रेवर किती उशिरां येतें तें पाहावें. मग तीच चाल तिसऱ्यांदा लावावी, आणि या खेपेस ड्यूईकडे लक्ष देऊं नये. खालच्या सप्तकांत विल काय करतो आहे तेवढेंच ऐकावें.